पद्मिनीचा गंज: लांबी भरायची की पत्रा कापायचा?

आजोबांची प्रीमियर पद्मिनी डोंबिवलीच्या सोसायटीत ताडपत्रीखाली उभी आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायचीय? मग इंजिनाच्या आधी पत्रा बघा. इंजिन उघडून पुन्हा बांधता येतं. पत्रा सडला असेल तर बांधायला गाडीच उरत नाही.

कारण पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तिची रचना मूळच्या फियाट ११०० ची, म्हणजे मोनोकॉक: फ्लोअर, दाराखालची पोकळ सिल, खांब आणि छप्पर मिळूनच सांगाडा बनतो. १९६४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही गाडी कुर्ल्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून आणली. पद्मिनी हे नाव १९७४ चं. अमेरिकेत १९६४ मध्येच आलेली फोर्ड मस्टँगही मोनोकॉक, आणि तिचाही फ्लोअर असाच सडतो. पण तिचा नवा फ्लोअर आजही कॅटलॉग बघून मागवता येतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा हातानेच घडवावा लागतो.

रंगाखाली फुगा दिसतो तेव्हा गंज बहुतेकदा आतून बाहेर आलेला असतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग उचलला जातो. पावसाचं पाणी काचेच्या रबरातून दारात उतरतं, खालची निचऱ्याची भोकं चिखलाने बुजलेली असतात, आणि पाणी तिथेच बसतं. ठाण्यात खाडीच्या बाजूला राहत असाल तर हवेतला खारटपणा हे काम आणखी लवकर उरकतो.

तपासायला फोनचा टॉर्च लावा आणि सिलखाली फोन सरकवून व्हिडिओ घ्या. मेटल डिटेक्टर ॲप मात्र इथे कामाचं नाही, त्याला आख्खी गाडीच लोखंड दिसते. त्यापेक्षा फ्रीजवरचं मॅग्नेट मऊ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे ते नीट चिकटत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, जाड आहे. माझ्या काकांच्या गाडीची सिल एका गॅरेजने 'रिपेअर' करून दिली होती. एका पावसाळ्यात ती फुगली. खरवडल्यावर आतून वर्तमानपत्राचे बोळे निघाले! वर लांबी आणि रंग, बस. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर दुरुस्त न करता मेसेज लपवला.

वरवरचा गंज असेल तर वायर ब्रशने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा आणि मग इपॉक्सी प्रायमर. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत गेला तर मात्र कापण्याला पर्याय नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीच्या साध्या सीआर पत्र्याचा तुकडा घडवा आणि मिग वेल्डिंगने जोडा. सलग वेल्डिंग केलं तर पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून लांब-लांब टॅक मारत, मध्ये थंड होऊ देत पुढे जायचं. जीआय पत्रा वेल्ड करू नका, जस्ताचा धूर विषारी असतो.

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीला आतून आडव्या नळ्या टॅक करून घ्या. नाहीतर बॉडी खाली बसते आणि नंतर दार लागतच नाही. बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा. टाकी रिकामी असली तरी आतली वाफ पेट घेते. हे काम पत्र्याच्या अनुभवी कारागिराकडूनच करून घ्या, यूट्यूब बघून पहिला प्रयोग सिलवर नको.

लांबी वाईट नाही. जोड घासून, प्रायमर मारून झाल्यावर लहरी भरायला तिचा पातळ थर चालतो. पोकळ सिलमध्ये शेवटी कॅव्हिटी वॅक्स फवारा आणि निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर तुकडा मूळ आकाराचाच हवा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर हवा असेल तर चासी किंवा बॉडीत मोठे फेरफार चालत नाहीत. कापताना, वेल्ड झाल्यावर आणि प्रायमरनंतर, प्रत्येक टप्प्याचे फोटो मागा. लांबी लागली की खाली काय केलंय ते कुणालाच दिसत नाही.