जिन्यातला पारा

बाह्या वर सारा. बोटात सोन्याची अंगठी असेल तर आधी काढून खिशात टाका. पाऱ्याचा थेंब लागला की ती पांढरी पडेल आणि मग घरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. झालं? आता चढा जिना.

साल 1661 च्या आसपासचं, देश इंग्लंड, आणि तुम्ही शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांच्या हाताखाली मदतीला आहात. काचेची नळी इतकी उंच आहे की ती खोलीत उभी राहीना, म्हणून इथे दोऱ्यांनी टांगलीय. जिना निवडलाय तो उजेड बघून. काल रात्रीच्या चरबीच्या मेणबत्त्यांचा खवट वास अजून रेंगाळतोय. अंगातला लोकरी कोट टोचतोय, पण खाजवायला हात मोकळा कुठाय? दोन्ही हातांत पाऱ्याचं भांडं आहे. ते पाण्याच्या अंदाजाने उचलायला गेलात तर मनगट खाली जाईल. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड!

खाली वाकून पाहा. नळी तळाशी वळून पुन्हा वर आलीय आणि त्या आखूड बाजूचं तोंड काच वितळवून बंद केलंय. तिथे बारा इंच हवा कोंडलीय. काचेवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर इंच आणि इंचाचे आठवे भाग आखलेत. नळीखाली मोठा, खोल लाकडी खोका आहे. नळी फुटलीच तर पारा त्यात पडावा. आधीची एक फुटलीय, तेव्हा खोक्याला हसू नका.

"ओता!" खालून हाक येते.

धार बारीक ठेवा. जास्त पडलं तर परत काढणं महाकठीण. चकाकता गोळा सर्रकन खाली उतरतो. खालचा गडी आरसा धरून, एक डोळा मिटून पट्टी वाचतो. "थांबा!" तो आकडा लिहितो. "थोडं अजून." थेंब. "अजून." तुमचे दंड भरून आलेत, कपाळावरचा घाम भुवईत उतरतोय, आणि तो म्हणतो, "जरासं!" त्याला काय जातंय बोलायला!

दोन्हीकडच्या पाऱ्यातला फरक सुमारे 29 इंच झाला, तेव्हा कोंडलेली हवा बारावरून सहा इंचांवर आलीय. डोक्यावरची हवा तेवढ्याच, म्हणजे 29 इंचांच्या पाऱ्याच्या भाराने आधीपासून दाबत होती. दाब दुप्पट, जागा निम्मी. तुम्ही म्हणाल, चला, सुटलो. कसले सुटताय! हवा तीन इंचांत कोंबायची तर फरक 88 इंचांवर न्यावा लागतो, सात फुटांहून जास्त. प्रत्येक इंचाला हवा पहिल्यापेक्षा जास्त हट्टाने पाऱ्याला मागे रेटते. न दिसणाऱ्या गोष्टीशी एवढी झोंबाझोंबी तुम्ही आयुष्यात केली नसेल.

आता हवा चौथ्या हिश्शाहूनही कमी जागेत आहे. कुणीतरी ओलं फडकं काचेवर धरतं. हवा आकसली की काय? किंचित, पण छातीठोकपणे सांगता येत नाही. मग मेणबत्तीची ज्योत जवळ आणतात आणि या वेळी फरक जरा जास्त जाणवतो. "अजून जवळ आणू?" तुम्ही उत्साहाने विचारता. एकजात सगळे "नको!" म्हणून ओरडतात. काच तडकली तर तो सगळा पारा पुन्हा भांड्यात भरायचं काम कुणाच्या गळ्यात पडेल, हे तुमच्याही एव्हाना ध्यानात आलं असेलच.