भोरची मतं, मुळशीचा आमदार

बारामती लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात, त्यातला एक भोर. यात तालुके तीन: भोर, वेल्हे म्हणजे आताचं राजगड, आणि २००८ च्या पुनर्रचनेत जोडलेला मुळशी.

१९९९ ला काँग्रेस फुटली. इथे अनंतराव थोपटे राष्ट्रवादीच्या काशिनाथ खुटवडांकडून हरले. ते वैर पंचवीस वर्षं पुरलं. शेवटी मार्च २०२४ मध्ये शरद पवार स्वतः थोपट्यांच्या घरी गेले. लोकसभेला सुप्रिया सुळे दीड लाखावर मतांनी जिंकल्या. त्यात भोरची आघाडी ४० हजारांहून जास्त.

आणि नोव्हेंबरात? त्याच मतदारसंघाने तीनदा निवडून दिलेल्या संग्राम थोपट्यांना पाडलं. आले अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर, मुळशीचे.

मतदार फिरला? मला तसं वाटत नाही. लोकसभेला प्रश्न होता, कुठले पवार? विधानसभेला झाला, आमदार कुठल्या तालुक्याचा? हिंजवडी-पिरंगुटकडे वस्ती वाढतेय, वेल्ह्यातली तरणी पोरं पुण्या-मुंबईला. मतदारसंघ आखले जातात लोकसंख्येवर, डोंगरावर नाही. मग तोरण्याच्या पायथ्याशी मत मागायला यायची गरज उद्या कुणाला राहील? विचार करा. भेटू पुढच्या भागात.