फुलाचे नाव आणि राजसत्ता

तंजावरच्या पूर्वेस, समुद्रकाठच्या तरंगमबाडीस 1620 पासून 1845 पर्यंत डेन्मार्कचे ठाणे होते. त्या डॅनिश लोकांच्या भाषेत फुलाला ‘ब्लॉम्स्ट’ म्हणतात. दुसऱ्या सरफोजीराजांचा पालक श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री 1798 साली तंजावरातच निवर्तला. त्याच्या मातृभाषेतला शब्द ‘ब्लूमे’. डच ‘ब्लूम’ आणि स्वीडिश ‘ब्लुम्मा’ ही त्याच घरची भावंडे.

या कुळात इंग्रजी तेवढी वेगळी पडली. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबारात फ्रेंच आली आणि तिच्या मागोमाग ‘फ्लॉवर’ हा शब्द. जुना ‘ब्लॉसम’ मुख्यतः झाडाच्या बहरापुरता उरला. जेत्यांच्या भाषेने प्रजेच्या परसातल्या फुलाचेही नाव बदलले!

तंजावरास निराळेच घडले. 1675 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी हे राज्य घेतले आणि 1855 पर्यंत, म्हणजे सुमारे 180 वर्षे, तेथे भोसल्यांचा अंमल होता. मोडी दप्तरे लिहिली गेली. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरला गेला. तथापि तमिळ माणूस फुलाला ‘पू’च म्हणत राहिला. हा शब्द द्राविड कुळातला. तेलुगूत ‘पुव्वु’, मल्याळमात ‘पूवु’, तर कन्नडात आरंभीच्या पकाराचा हकार होऊन ‘हूवु’. संस्कृत ‘फुल्ल’वरून आलेल्या आपल्या ‘फुला’शी त्याचे नाते नाही.

मराठे संख्येने थोडे होते, हे कारण पुरेसे नाही. इंग्लंडात नॉर्मनही थोडेच होते. खरा भेद असा की, तेथे इंग्रजी दरबारातून व न्यायालयातून बाहेर पडली आणि ग्रंथरचनेतही बराच काळ मागे पडली. तमिळला मात्र देवळात आधीच मानाचे स्थान होते. राजराज चोळाने बृहदीश्वरात तमिळ स्तोत्रे म्हणण्यास 48 गायक नेमले होते, तेही भोसल्यांच्या साडेसहा शतके आधी. शिवाय भोसल्यांनी स्थानिक भाषांना परके मानले नाही. शहाजीराजांच्या नावावरचे ‘पंचभाषाविलास’ हे नाटकच पाच भाषांत आहे.

राज्य जाऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला. तरी दक्षिणेतील कित्येक घरांत तंजावरी मराठी आजही बोलली जाते. दरबार गेला, दप्तरे सरस्वती महालात बांधून ठेवली गेली. भाषा टिकली ती स्वयंपाकघरात नि देवघरात. परप्रांती अधिकारपदावर असलेल्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानी ठेवावे. आपल्या मुलांच्या तोंडी ‘फूल’ राहील की नाही, हे कचेरीत ठरत नाही. आणि भोवतालच्या लोकांचा ‘पू’ शिकल्याने आपले फूल कोमेजतही नाही.