कार्बोरेटरमधला बर्फ आणि इतिहासाचा पुरावा

आज विमानाच्या इंजिनाबद्दल बोलायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला त्यातलं काय कळतं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पण कारण कशाला म्हणायचं आणि पुरावा कशाला, हे प्रश्न आम्ही जन्मभर वर्गात चघळत आलो. हवेत इंजिन धडधडायला लागलं की वैमानिकाला तेच प्रश्न मिनिटाभरात सोडवावे लागतात.

१९३० सालची गोष्ट घ्या. भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसलेले. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. बक्षीस अस्पींना मिळालं, आणि पुढे ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. या गोष्टीतला दिलदारपणा सगळे सांगतात. आम्हाला त्यातलं दुसरंही आवडतं: प्लग हा दोष हातात धरून दाखवता येतो. काळवंडलेला प्लग काढला, नवा बसवला, इंजिन चाललं; वाद संपला.

सगळे दोष इतके सरळ नसतात. विशेषतः घरी बांधलेल्या विमानात. १९३०च्या दशकात फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी सामान्य माणसाला घरी बांधता येईल असं छोटं विमान आखलं आणि युरोपात त्याची लाटच आली. मग अपघात झाले, बंदी आली. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, पुढच्या वर्षी त्याची सरकारी नोंदणी झाली. गच्चीवर विमान, यावर लोक हसले असणारच! पण अशा माणसाची खरी अडचण वेगळी. इंजिन कारखान्यात सिद्ध झालेलं असेलही, पण त्याच्याभोवतीचं घर नवं असतं. पेट्रोलची नळी धुराड्याजवळून गेली तर उन्हाळ्यात नळीतच वाफेचे बुडबुडे होतात आणि पुरवठा तुटतो. टाकीचं हवेचं भोक बुजलं तर थोड्या वेळानं इंजिन मरतं. खाली उतरून झाकण उघडलं की हवा आत शिरते आणि ते पुन्हा सुरळीत चालतं. म्हणजे तपासणाऱ्यानंच पुरावा पुसला.

आणि बर्फ. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगानं जाते तेव्हा तिचा दाब उतरतो, त्यात पेट्रोलची वाफ होते, आणि दोन्हींमुळे तापमान वीस अंशांहूनही जास्त खाली येऊ शकतं. हवा दमट असेल तर गळ्यात बर्फ धरतो. बाहेर कडाक्याची थंडी लागत नाही. पुण्यातली पावसाळी सकाळ पुरते. (हडपसरच्या ग्लायडरवाल्यांना ही चिंता नव्हती, त्यांना इंजिनच नव्हतं.) फेरे हळूहळू कमी होतात, वैमानिक थ्रॉटल थोडा पुढे सारतो आणि विसरतो. उपाय म्हणजे धुराड्याजवळची गरम हवा आत सोडणं. पण ती सोडल्यावर इंजिन आधी आणखी अडखळतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. घाबरून दांडा मागे घेतला की संपलं. औषध बरोबर असताना रोग वाढल्यासारखा दिसतो, आणि तेवढा वेळ धीर धरायला कारण माहीत असावं लागतं. नुसता अनुभव तिथे फसवतो.

विमान शेतात उतरलं तर चौकशी करणारे येईपर्यंत बर्फ गेलेला असतो. कार्बोरेटर कोरडा, इंजिन ठणठणीत. मग 'बर्फच होता' असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

इथे आम्हाला शिवकर बापूजी तळपदे आठवतात. १८९५ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं असं सांगतात. त्याचाही अवशेष नाही. मग बर्फावर विश्वास आणि तळपद्यांवर नाही, हा दुजाभाव नाही का? विद्यार्थी हे विचारायचे, आणि प्रश्न चांगला आहे. फरक असा की बर्फ पुन्हा धरवता येतो. तसंच इंजिन, तशीच दमट हवा, तेवढाच थ्रॉटल. काचेतून तो धरताना पाहता येतो. चौपाटीच्या विमानाचं यंत्र काय होतं हेच कुणाला सांगता येत नाही, तेव्हा पुन्हा करून काय पाहणार? ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार दिला जातो, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं उडू न शकणारी, असा निष्कर्ष निघाला. तळपदे संस्कृतचे जाणकार आणि धडपडे गृहस्थ होते, त्यांच्याबद्दल अनादर नाही. पण गच्चीवर बसून नट आवळणाऱ्या माणसाला वजनाचा, पेट्रोलच्या प्रवाहाचा, प्रत्येक चाचणीचा कागद ठेवावा लागतो. नाहीतर त्याला उडायची परवानगीच मिळत नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत गॅरेजवाले एक गृहस्थ मघापासून हात वर करून बसले आहेत, आधी त्यांना बोलू द्या.