पाणी हलतं ठेवणारे हात

परवा रात्री वादळात वीज गेली आणि आमच्या तळघरात समुद्र शिरला. समुद्र म्हणजे खराखुरा खारट. किनारा इथून, न्यू जर्सीतल्या आमच्या घरापासून, गाडीने तासाभरावर आहे, पण हा समुद्र मी स्वतः मीठ मोजून पिंपात कालवलेला होता. गेले तीन महिने प्रवाळ ठेवण्यासाठी मी एक काचेची टाकी बसवतोय. प्लंबर बोलावला नाही. पाईप कापणं, एल्बो बसवणं, सोल्यूशन लावणं, सगळं स्वतःच केलं, आणि त्याचा मला थोडा गर्वही झाला होता. तो परवा वाहून गेला.

झालं असं. अशा टाकीचे दोन मजले असतात. वर देखणी टाकी, तिच्या खाली कपाटात दुसरी साधी टाकी. वरचं पाणी कडेवरून सांडतं, पाईपने खाली येतं, तिथे स्वच्छ होतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. खालच्या टाकीला इंग्रजीत 'संप' म्हणतात. आपल्याकडच्या संपाशी तिचा संबंध नाही. उलट हा संप संपावर गेला तर वरचं सगळं मरतं! तर वीज गेली, पंप थांबला, आणि वर पाणी नेणाऱ्या पाईपचं तोंड पाण्यात बुडालेलं असल्यामुळे त्यातून पाणी उलटं खाली यायला लागलं. ड्रममधून नळी टाकून रॉकेल काढायचे ना, तसंच. त्या पाईपला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडायचं असतं. पातळी तिथपर्यंत उतरली की भोकातून हवा आत जाते आणि उलटा प्रवाह तुटतो. ते भोक मी पाडलं नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आपल्याकडे गच्चीवरची टाकी वाहिली की खालच्या मजल्यावरचे ओरडायचे. तुला तिथे कोण ओरडणार?"

टाकीत अजून प्रवाळ नव्हतं, म्हणून कोणी मेलं नाही. पण फरशी पुसता पुसता मनात आलं, समुद्राचं पाणी घरात हलतं ठेवायचा हा उद्योग पहिल्यांदा कोणी केला असेल? तेव्हा तर पंपही नव्हते आणि वीजही नव्हती.

उत्तर शोधताना एका बाईंची गाठ पडली. ॲना थिन. नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधला मोठा धर्माधिकारी. १८४६ च्या शरदात या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेल्या होत्या. तिथे त्यांना दगडी प्रवाळं सापडली. आपल्या डोळ्यांसमोर येतात ती उष्ण समुद्रातली रंगीत झाडं नव्हेत, थंड पाण्यातली वाटीएवढी एकांडी प्रवाळं. ती लंडनला न्यायची तर वाटेत घुसळून फुटायला नकोत, म्हणून बाईंनी सुईदोऱ्याने ती एका मोठ्या स्पंजवर टाचली आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या दगडी बरणीतून नेली.

लंडनमध्ये अडचण आली. समुद्राचं पाणी थोडं आणि बदलायला नवीन नाही. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि जीव गुदमरतो. मग त्यांनी एक साधा उपाय काढला. गरम दूध निववायला आपण या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओततो ना, तसं ते पाणी उघड्या खिडकीपाशी अर्धा-पाऊण तास वरखाली ओतायचं. काम दमवणारं होतं. पण ते बाईंना फारसं करावं लागलं नाही, कारण घरात एक लहान मोलकरीण होती आणि तिला या कामात गंमत वाटते असं बाईंचं मत होतं. (मोलकरणीचं मत त्यांनी लिहिलेलं नाही.) पुढच्या वर्षी त्यांनी पाण्यात समुद्री शेवाळ सोडलं. ते उजेडात प्राणवायू तयार करतं, त्यामुळे ओतण्याचं काम कमी झालं. १८५९ साली हा सगळा अनुभव एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. त्यात त्या मुलीचं नाव नाही.

त्याआधीही असे हात होतेच. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियल यांनी १८२८ साली एक समुद्रफूल पकडून घरी बरणीत ठेवलं होतं. ते १८८७ पर्यंत, म्हणजे मालकापेक्षा कितीतरी जास्त जगलं! पण समुद्र जवळ होता आणि ताजं पाणी वाहून आणणारा हमाल पदरी होता. घरातला समुद्र आधी माणसांच्या हातांवर चालला आणि मग पाईपांवर, असं म्हणायला हरकत नाही.

मग आली लाट. १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने वनस्पती आणि प्राणी एकमेकांना कसे जगवतात हे प्रयोगाने दाखवलं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं. समुद्र दूर असणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्रजल बनवायची कृतीही गॉस यांनी त्याच वर्षी दिली. चार क्षार आणि पाणी. माझ्या पिंपातला समुद्र त्याच कृतीचा पणतू. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात काचेची टाकी ही प्रतिष्ठेची वस्तू झाली, आणि माणसं बादल्या, छिन्न्या, हातोडे घेऊन किनाऱ्यावर उतरली.

पुढे काय झालं ते गॉस यांच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली 'फादर अँड सन' या आत्मकथनात लिहिलं. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली खडकांमधली भरलेली डबकी हौशी लोकांनी ओरबाडून रिकामी केली होती. ज्या पुस्तकांनी लोकांना समुद्राचं प्रेम लावलं त्यांनीच किनारा उजाड केला, आणि हे कळल्यावर वडिलांना फार वाईट वाटलं, असं मुलगा सांगतो. घरोघरी नेलेले जीव बहुतेक मेलेच. ओतायला कोणी नव्हतं.

हे वाचून मला मालवण आठवलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मे महिन्यात मामाकडे गेलो असताना, ओहोटीच्या वेळी किल्ल्याजवळच्या खडकांवरून मी एक खरबरीत, मेंदूसारखा दिसणारा दगड उचलून आणला होता. पाण्याच्या तांब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामीने नाकाला पदर लावून तो बाहेर फेकला. मला वाटलं होतं दगड आहे, आणि दगडाला वास का यावा हे कळत नव्हतं. मामा एवढंच म्हणाला, "अरे, तो जिवंत होता." पुढे १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य झालं, आणि २००१ साली प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली, वाघाच्या शेजारी. माझ्यासारख्या मुलांपासून त्यांना तेवढं संरक्षण हवंच होतं.

असो. मोलकरणीचे हात पाईपात कसे गेले, ते सांगायचं राहिलं. त्याचं श्रेय बरंचसं विल्यम अल्फर्ड लॉइड यांचं. पुस्तकबांधणीच्या धंद्यातला हा गरीब माणूस मत्स्यालयाच्या वेडापायी त्यातला जाणता झाला, दुकान काढलं, १८६४ साली हॅम्बर्गचं मत्स्यालय उभारलं आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं. लॉइड यांची कल्पना अशी, की देखण्या टाक्यांच्या खाली त्यांच्या कितीतरी पट मोठा, थंड आणि अंधारा हौद ठेवायचा. वाफेच्या पंपाने त्यातलं पाणी अखंड वर चढवायचं आणि ते सांडत सांडत परत खाली येऊ द्यायचं. तेच पाणी, वर्षानुवर्षं. धातूने जीव मरतात म्हणून पंप आणि पाईप कडक केलेल्या रबराचे. म्हणजे माझ्या तळघरात जे आहे तेच! वाफेऐवजी वीज आणि रबराऐवजी पीव्हीसी, एवढाच फरक.

तरीही उष्ण समुद्रातली प्रवाळं काचेत जगायला आणखी शंभर वर्षं गेली. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात आणि उन्हावर प्रवाळासाठी अन्न शिजवतात. त्यामुळे त्यांना उजेड प्रखर लागतो आणि पाणी फार स्वच्छ. १९६१ साली जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली रीत लिहिली. समुद्रातून जिवंत खडक आणायचे, वर ऊन, आणि हवेचे बुडबुडे. बाकी काही नाही. सफाईचं काम खडकातले जीवाणूच करतात. पुढे जर्मनीत, विशेषतः बर्लिनच्या हौशी लोकांनी, त्याला प्रखर दिवे आणि फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र जोडलं. प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतं. ते कुठून द्यायचं? पीटर विल्केन्स यांनी सांगितलेला उपाय वाचून मी हसलोच. चुन्याची निवळी! पानाला लावतो तोच चुना पाण्यात कालवून, वरचं नितळ पाणी थेंब थेंब सोडायचं. आमच्या आजीच्या पानाच्या डब्यातली वस्तू बर्लिनच्या प्रवाळांना पोसत होती.

१९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ही हौस अमेरिकेत घरोघरी पोचवली. आणि इतिहासाने पुन्हा तेच वळण घेतलं. या वेळी हातोडे टॉर्कीला नाही, इंडोनेशियाच्या किनाऱ्याला लागले. बर्लिनकरांनी एक शहाणपणाची गोष्टही रूढ केली. टाकीत वाढलेल्या प्रवाळाची फांदी तोडायची आणि दुसऱ्याला द्यायची, आपण जास्वंदीची देतो तशी. ती दगडावर चिकटवली की धरते.

आणि अलीकडचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. प्रवाळं समुद्रात वर्षातून ठरावीक रात्री, चंद्र आणि पाण्याचं तापमान बघून, एकदम बीज सोडतात. २०१३ मध्ये लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाच्या मत्स्यालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच वेळापत्रक टाकीत उभं केलं. खोटा चंद्र, खोटे ऋतू, आणि प्रवाळांनी बीज सोडलं. हे संग्रहालय दक्षिण लंडनमध्ये आहे, लॉइड यांचं मत्स्यालय होतं त्या टेकडीपासून जवळच. २०१९ साली याच मार्गाने फ्लोरिडात, रोगाने समुद्रात जवळजवळ संपलेल्या स्तंभ-प्रवाळाचं बीज टाकीत मिळालं. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथला समुद्र इतका तापला की शास्त्रज्ञांनी प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणली. ज्या पेटीसाठी किनारे लुटले गेले, तिच्यातच आता किनाऱ्याचं थोडं बियाणं राखून ठेवावं लागतंय. याने जुनी लूट फिटत नाही. समुद्र तापतोय तोवर टाकी म्हणजे इस्पितळ, घर नव्हे. पण इस्पितळही कोणीतरी शिकून ठेवावं लागतं.

काल दुकानात इंडोनेशियाहून आलेलं एक हिरवं प्रवाळ पाहिलं, अगदी मालवणच्या त्या दगडासारखं. हात खिशाकडे गेला आणि परत आला. गावातल्या एका हौशी गृहस्थांनी त्यांच्या टाकीतली बोटभर फांदी द्यायचं कबूल केलंय. टाकीतलं पाणी मुरायला अजून महिना दीड महिना आहे, तोवर थांबेन. भोक पाडून झालं. मुद्दाम पंप बंद करून पाहिला. पाणी थोडं उतरलं, पाईपने एक घोट हवा घेतली आणि सगळं थांबलं.

आईने विचारलं, "पण आठ-दहा तास वीज गेली तर? पाणी कोण हलवणार?"

"तांब्या आहे," म्हटलं, "आणि मी आहे."