शेजाराचे दान

माझ्या लहानपणी राजोडीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, एक माणूस स्वतःशीच बोलत बसलेला असे. आम्ही पोरे त्याला चिडवायचो. मोठी माणसे म्हणायची, ‘याला ठाण्याला पाठवा.’ आमचे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. पण या वाक्यातले ठाणे म्हणजे जिल्ह्याचे गाव नव्हे, वेड्यांचे इस्पितळ, हे सगळ्यांना ठाऊक असे.

ते इस्पितळ दानातून उभे राहिले, हे मला फार उशिरा कळले. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावे मिळालेल्या देणगीतून १९०१ साली ते सुरू झाले. त्या काळी ते मोठेच पुण्यकर्म होते. पुढे तिथल्या खाटा अठराशेवर गेल्या. मात्र आत गेलेला माणूस बरा झाला, तरी त्याला न्यायला घरचे कोणी येईलच असे नसे.

अशा दानाची परंपरा जुनी आहे. कैरो शहरात सुलतान कलावून याने १२८४ साली इस्पितळ बांधले. ते वक्फवर, म्हणजे धर्मादायासाठी कायमच्या राखून ठेवलेल्या मिळकतीच्या उत्पन्नावर चाले. त्यात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. मनाचे दुखणे हेही दुखणेच, हे त्या दात्याला उमगले होते.

आता आपल्याच विरार लोकलच्या वाटेवरची हकिकत सांगतो. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ साली ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ ही संस्था काढली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचे, औषधपाणी करायचे आणि बरे वाटले की त्यांच्या गावी पोहोचवायचे, हे तिचे काम. अशाच एका रुग्णाची ओळख पटली. तो जे. जे. कला महाविद्यालयाचा माजी अध्यापक निघाला. तेव्हा १४१ चित्रकारांनी आपली चित्रे संस्थेला दिली आणि त्यांच्या विक्रीतून निधी उभा राहिला. १९९७ साली दहिसरला वीस खाटांचे केंद्र सुरू झाले.

आणि शेजारी कोर्टात गेले! असे रुग्ण आमच्या वस्तीत नकोत, हे त्यांचे म्हणणे. उच्च न्यायालयाने निकाल संस्थेच्या बाजूने दिला. २००६ साली कर्जतला मोठे केंद्र झाले. वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक माणसे आपापल्या घरी परतली होती.

पैसा लागतोच. औषधे, कार्यकर्त्यांचा पगार, रुग्णाला गावी नेण्याचे रेल्वेभाडे, हे सारे देणगीतून होते. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्कही दिला. पण बऱ्या होऊन आलेल्या माणसाला ओट्यावर बसवून चहा देणे, त्याला कामावर घेणे, हे दान शेजाऱ्यानेच द्यायचे असते. त्याची पावती मिळत नाही, म्हणून की काय, ते फार कमी दिले जाते.

किनाऱ्यावरचा तो माणूस एके दिवशी दिसेनासा झाला. तो कुठे गेला, हे गावात कोणी विचारले नाही. मीही नाही.