माऊझर रायफल : रणांगणाकडून अरण्याकडे
(एका वस्तुरूप साधनाचा ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना :

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना बखरी, दफ्तरे, शिलालेख आणि नाणी यांचे स्मरण प्रथम होते. शस्त्रे संग्रहालयात मांडली जातात. परंतु त्यांच्याकडे शौर्याचे स्मारक म्हणून पाहिले जाते, पुरावा म्हणून क्वचितच. वास्तविक कारखान्यात तयार झालेल्या रायफलीच्या अंगावर निर्मितीचे वर्ष, अनुक्रमांक, तपासनिसाचा शिक्का आणि राजचिन्ह कोरलेले असते. या अर्थाने ती पोलादावर लिहिलेला दस्तऐवजच होय. प्रस्तुत लेखात माऊझर पद्धतीच्या बोल्ट रायफलीचे शिकारी रायफलीत झालेले रूपांतर अभ्यासण्याचा प्रयत्न केला आहे. या रूपांतरामुळेच माऊझर यंत्रणा लष्करातून निवृत्त झाल्यावरही जिवंत राहिली, परंतु त्याच प्रक्रियेत तिच्यावरील मूळ पुरावा मोठ्या प्रमाणावर पुसला गेला, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

माऊझर यंत्रणेचा उदय :

पॉल माऊझर (१८३८-१९१४) यांचा जन्म नेकर नदीकाठच्या ओबर्नडोर्फ या गावी झाला. थोरले बंधू विल्हेल्म यांच्या साहाय्याने त्यांनी घडवलेली एकबारी रायफल जर्मन साम्राज्याने १८७१ साली स्वीकारली. पुढे धूरविरहित दारू आली आणि रायफलीचे तंत्र पालटले. माऊझर यांची १८९३ ची रचना स्पेनने स्वीकारली. तिच्यात पाच काडतुसे आडव्या-तिरप्या दोन रांगांत दस्त्याच्या आतच सामावली जात. तिचे ७×५७ मिलिमीटरचे काडतूस पुढे शिकाऱ्यांच्याही पसंतीस उतरले. १८९८ साली जर्मनीने स्वीकारलेल्या 'गेवेर ९८' या रायफलीत ही रचना परिपक्व झाली.

या यंत्रणेची तीन वैशिष्ट्ये विशेष लक्षणीय आहेत. पहिले म्हणजे बोल्टच्या पुढील दोन दणकट खुंट्यांखेरीज मागे दिलेली तिसरी खुंटी. पुढील खुंट्या निकामी झाल्या तरी बोल्ट मागे उसळू नये, अशी ती तरतूद होती. दुसरे म्हणजे काडतुसाचे आवरण फुटल्यास तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे न येता बाजूला निघून जावा, यासाठी बोल्टला ठेवलेली छिद्रे. तिसरे म्हणजे बोल्टच्या बाजूने बसवलेला लांब पोलादी आकडा. काडतूस वर येताच हा आकडा त्याची कड पकडतो आणि रिकामे आवरण बाहेर फेकले जाईपर्यंत सोडत नाही. त्यामुळे गडबडीत बोल्ट अर्धवट ओढला गेला तरी एकावर एक दोन काडतुसे अडकत नाहीत. सैनिकासाठी केलेली ही सोय हिंस्र श्वापदासमोर उभ्या असलेल्या शिकाऱ्यासही तितकीच मोलाची ठरली.

या रचनेचा प्रभाव प्रतिस्पर्ध्यांनीही मान्य केला. १८९८ च्या युद्धात क्यूबामध्ये स्पॅनिश माऊझरचा मारा सोसलेल्या अमेरिकेने १९०३ साली स्प्रिंगफील्ड रायफल स्वीकारली. मात्र तिच्यात माऊझरच्या स्वामित्वहक्काचा वापर झाल्याने दोन लाख डॉलर द्यावे लागले.

लंडनची कारागिरी आणि कुमाऊँची रायफल :

माऊझर शिकारी रायफलींचे दोन प्रवाह वेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिला प्रवाह प्रारंभापासून शिकारीसाठीच घडवलेल्या रायफलींचा. लंडनमधील जॉन रिग्बी ही कंपनी ओबर्नडोर्फहून यंत्रणा मागवून त्यावर आपली नळी आणि अक्रोडाचा दस्ता चढवीत असे. मोठ्या काडतुसांसाठी लांब यंत्रणा तयार होऊ लागली आणि १९११ साली त्या मापाचे .४१६ रिग्बी हे काडतूस आले. ७×५७ चे काडतूस ब्रिटिश बाजारात .२७५ रिग्बी या नावाने ओळखले जाऊ लागले.

याच मापाची एक रिग्बी-माऊझर भारताच्या इतिहासाशी जोडलेली आहे. चंपावतच्या ज्या वाघिणीने ४३६ माणसांचे बळी घेतल्याचे मानले जाते, तिला जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली ठार केले. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना ही रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावरील चांदीच्या पट्टीवर या प्रसंगाचा उल्लेख आहे. कॉर्बेट यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने प्रकाशित केले आणि पुढे ही रायफलही त्याच प्रकाशनसंस्थेच्या ताब्यात गेली. कालांतराने रिग्बी कंपनीने ती परत मिळवली. जर्मन यंत्रणा, इंग्रज कारागीर, वसाहतीचे प्रशासन आणि पहाडी खेड्यांतील भय या चारही गोष्टी या एका वस्तूत एकत्र वाचता येतात. चांदीची ती पट्टी काढून टाकली असती तर उरली असती केवळ एक जुनी रायफल.

लष्करी रायफलीचे रूपांतर :

दुसरा प्रवाह महायुद्धांनंतरचा होय. १९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर कठोर बंधने आली; ओबर्नडोर्फचा कारखाना शिकारी रायफलींकडे वळला. दोन्ही युद्धांनंतर अतिरिक्त ठरलेल्या माऊझर रायफली अमेरिकेच्या बाजारात अत्यल्प दरात मिळू लागल्या. नवी शिकारी रायफल परवडत नसलेला शेतकरी वा कामगार अशी रायफल घेई आणि घरी किंवा गावच्या कारागिराकडून ती बदलून घेई.

हे बदल ठरावीक होते. लांब लष्करी दस्ता कापला जाई किंवा त्या जागी नवा अक्रोडाचा दस्ता येई. नळी आखूड करीत, नाहीतर .३०-०६ वा .२७० सारख्या मापाची नवी नळी बसवीत. दुर्बीण बसवण्यासाठी बोल्टच्या पोलादी घरावर छिद्रे पाडून आटे पाडले जात. सरळ बोल्टची मूठ दुर्बिणीला अडू नये म्हणून ती खाली वाकवावी लागे आणि वरून फिरणारी सुरक्षा-कळही बदलावी लागे. शेवटी राजचिन्ह घासून पृष्ठभागास निळसर काळी झिलई दिली जाई.

या कामात कौशल्याइतकीच सावधगिरी आवश्यक होती. माऊझरच्या पोलादाचा केवळ बाह्य थर कठीण केलेला असतो. खुंट्यांच्या टेकूची जागा अतिरिक्त घासली तर मऊ पोलाद उघडे पडून बोल्ट हळूहळू मागे सरकू लागतो. नळीच्या मापाचा प्रश्नही तसाच आहे. जर्मनीने १९०५ मध्ये टोकदार गोळी स्वीकारताना गोळीचा व्यास .३१८ वरून .३२३ इंच केला. जुन्या नळीत नवी गोळी वापरणे धोक्याचे असते. अशा वेळी नळीवरील खुणा हाच मार्गदर्शक असतो आणि त्या पुसल्या गेल्या की इतिहासाबरोबर सुरक्षितताही धोक्यात येते.

अमेरिकेतील १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने टपालाने होणारी विक्री आणि लष्करी अतिरिक्त शस्त्रांची आयात रोखली. पुढे मूळ स्थितीतील रायफली दुर्मीळ होत गेल्या आणि मूल्यांचा क्रम उलटला. पूर्वी ज्या शिक्क्यांना कानस लागली, तेच शिक्के आज संग्राहकाच्या लेखी रायफलीचे खरे मोल ठरवतात. तथापि रूपांतर करणाऱ्यांना दोष देणे अनैतिहासिक ठरेल. त्यांच्यासमोर दुर्मीळ वस्तू नव्हती, घरात मांस आणण्याचे स्वस्त साधन होते. शिवाय त्यांच्याच पसंतीमुळे माऊझरचा आकडा टिकला. १९३६ च्या विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये तो होता. १९६४ मध्ये खर्चकपातीसाठी तो वगळताच ग्राहकांची नाराजी ओढवली आणि १९९० च्या दशकात तो परत आणावा लागला.

भारतीय संदर्भ :

भारतात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारी रायफलीचा मूळ हेतूच संपुष्टात आला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे बाळगण्याची मुभा ठेवली. वारसाहक्काने आलेली शस्त्रेही या मर्यादेत येतात. समाजाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने या मर्यादेचे समर्थन करता येईल. मात्र जुन्या घराण्यांतून अतिरिक्त रायफल जमा होताना तिच्यावरील खुणा, कारागिराचे नाव आणि घराण्याकडील कागद यांची नोंद न झाल्यास एक साधन कायमचे मुके होते.

निष्कर्ष :

१. माऊझर यंत्रणेचे दीर्घायुष्य लष्करी यशाइतकेच शिकाऱ्यांनी केलेल्या स्वीकाराचे फलित आहे.
२. प्रत्येक रूपांतर हा स्वतंत्र ऐतिहासिक थर असून तोही वाचला पाहिजे. गावच्या कारागिराने कापलेला दस्ता युद्धोत्तर सामान्य माणसाच्या आर्थिक स्थितीची साक्ष देतो.
३. आज अखंड उरलेल्या मूळ रायफलीत नवा बदल करणे म्हणजे पुनः न मिळणारा पुरावा नष्ट करणे होय. कारागिरीची हौस आधीच बदललेल्या रायफलीवर भागवता येते.
४. भारतात जमा होणाऱ्या जुन्या शस्त्रांची छायाचित्रे व खुणांसह नोंद करण्याचे काम इतिहास विभागांनी प्रशासनाच्या अनुमतीने हाती घ्यावे. या कामी रायफल जवळ बाळगण्याची आवश्यकता नाही. ती वाचता येणे पुरेसे आहे.